आफ्रिकान्स शब्दसिद्धीचे वर्णन संज्ञानात्मक व्याकरणाच्या आधारे कसे करावे

रंग बदलणाऱ्या सरड्याला आफ्रिकान्स भाषेत दोन नावे आहेत. एक आहे ‘फरक्लिअरमानेकी’, म्हणजे रंग पालटणारा छोटा माणूस. दुसरे आहे ‘त्रापस्यूकीस’, म्हणजे ‘हळूच पाऊल टाक’. प्राणी एकच, पण पहिल्या नावात त्याची त्वचा डोळ्यांसमोर येते आणि दुसऱ्यात त्याची चाल. पारंपरिक पद्धतीने वर्णन करणारा अभ्यासक येथे घटक मोजेल: एकीकडे क्रियापद, नाम आणि लघुत्वदर्शक प्रत्यय, दुसरीकडे क्रियापद आणि क्रियाविशेषण. ही मोजदाद चुकीची नाही. मात्र दोन नावांमध्ये अर्थाचा जो फरक आहे, तो तिच्यातून निसटतो, आणि संज्ञानात्मक व्याकरणाची उपयुक्तता नेमकी तेथे सुरू होते. या व्याकरणाच्या दृष्टीने एखादा शब्द कशाचे नाव आहे एवढेच पुरेसे नसते. त्या गोष्टीकडे तो कोणत्या बाजूने पाहायला लावतो, हादेखील त्याच्या अर्थाचाच भाग असतो.

आफ्रिकान्स भाषा या कामासाठी विशेष अनुकूल आहे. १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळील केप येथे ठाणे वसवले. तेथे बोलल्या जाणाऱ्या डच बोली, खोइखोइ लोकांच्या भाषा आणि गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या मलय व पोर्तुगीज वळणाच्या भाषा यांच्या संपर्कातून ती घडली आणि १९२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तिला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. या प्रवासात डच भाषेतील विभक्ती आणि पुरुष-वचनानुसार बदलणारी क्रियापदांची रूपे बहुतांशी गळून पडली. ‘मी काम करतो’, ‘तू काम करतोस’, ‘आम्ही काम करतो’ या तिन्ही ठिकाणी क्रियापद ‘वेर्क’ हेच राहते. रूपविचाराचा, म्हणजे शब्दांच्या रूपांच्या घडणीचा, उरलेला भार समास, प्रत्यय आणि द्विरुक्ती यांच्यावर आला. त्यामुळे या भाषेच्या रूपविचाराचे वर्णन करणे म्हणजे मुख्यतः तिच्या शब्दसिद्धीचे वर्णन करणे होय.

लेखनाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. येथे आफ्रिकान्स शब्द शक्यतो उच्चाराला धरून लिहिले आहेत. ‘ख़’ हा घशात घासून उच्चारला जाणारा ध्वनी आहे, तर प्रत्ययातील ‘ए’ पुष्कळदा अस्पष्ट, जवळपास ‘अ’सारखा ऐकू येतो.

मूळ भूमिका

संज्ञानात्मक व्याकरणाची मांडणी रोनाल्ड लँगॅकर यांनी १९८७ आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन खंडांत केली. तिचा गाभा असा की व्याकरण हे प्रतीकात्मक एककांचे बनलेले असते. प्रत्येक एककाला एक ध्वनिध्रुव आणि एक अर्थध्रुव असतो, आणि या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजेच ते प्रतीक. शब्द, प्रत्यय, समासाची रचना आणि वाक्याची रचना यांच्यात जातीचा फरक नाही. फरक असतो तो लांबीचा, गुंतागुंतीचा आणि अमूर्ततेचा. अभ्यासकाने येथे एक शिस्त पाळायची असते: वर्णनात प्रत्यक्ष आढळणारी एकके, त्यांच्यातील साम्यावरून निघणारे स्कीमा, म्हणजे सामाईक साचे, आणि या सर्वांमधील वर्गीकरणाचे संबंध, एवढेच मांडायचे. केवळ सूत्र नीटनेटके व्हावे म्हणून कल्पिलेला शून्य प्रत्यय किंवा कोणीही कधी न उच्चारलेले ‘मूळ रूप’ वर्णनात घेता येत नाही. ही अट सुरुवातीला जाचक वाटते, पण वर्णन प्रामाणिक राहते ते तिच्यामुळेच.

म्हणून काम नियमापासून सुरू करू नये, शब्दांपासून सुरू करावे. एका प्रकारचे किमान काही डझन शब्द, प्रत्येकाचे एखादे खरे वाक्य आणि उच्चार एवढी सामग्री आधी हाताशी असावी. १९२६ पासून दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबोश येथे तयार होत असलेला ‘वुअर्देबुक फान दि आफ्रिकान्स ताल’ हा बृहत्कोश या कामी उपयोगी पडतो, कारण त्यात शब्द वापरासह दिलेले असतात. संदर्भ नसलेली शब्दयादी या पद्धतीला जवळपास निरुपयोगी आहे. अर्थध्रुव वाक्यात उघडा होतो, यादीत नाही.

समास: उठावाचा मालक कोण

प्रत्येक शब्दाचा अर्थ लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या काढाव्यात. शब्द ज्या पार्श्वभूमीवर समजतो ती त्याचे आधारक्षेत्र, आणि त्या पार्श्वभूमीतून शब्द ज्याच्यावर बोट ठेवतो तो त्याचा उठाव, म्हणजेच प्रोफाइल. ‘कोप’ म्हणजे डोके. संपूर्ण शरीर हे त्याचे आधारक्षेत्र, आणि वरचा भाग हा उठाव. यानंतर समासाला विचारायचा प्रश्न असा: संपूर्ण शब्दाचा उठाव कोणत्या घटकाकडून आला?

‘स्लापकामर’ म्हणजे झोपण्याची खोली. ‘स्लाप’ झोपण्याची क्रिया दाखवते आणि ‘कामर’ खोली दाखवते. पूर्ण शब्द खोलीचे नाव आहे, म्हणून ‘कामर’ हा उठावाचा निर्धारक. ‘कामर’च्या अर्थात एक मोकळी जागा असते, कारण खोली कशासाठी तरी असते, आणि ‘स्लाप’ ती जागा भरते. हा तपशील न लिहिता केवळ ‘उत्तरपद प्रधान’ असे म्हणून थांबणे म्हणजे निम्मे काम सोडून देणे होय. दोन घटक कोणत्या बिंदूवर एकमेकांत बसतात हे सांगितल्याशिवाय समासाचे वर्णन पूर्ण होत नाही.

‘रोइकोप’ या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. लाल आणि डोके या घटकांपासून बनलेला हा शब्द लालसर केसांच्या माणसाचे नाव आहे. मराठी वाचकाला येथे बहुव्रीही आठवेल, आणि ते योग्यच आहे. परंतु बहुव्रीही हे नाव घटनेचे आहे, स्पष्टीकरण नव्हे. स्पष्टीकरण असे: ‘कोप’च्या आधारक्षेत्रात माणूस आधीपासूनच होता, आणि समासाने उठाव भागावरून संपूर्णाकडे सरकवला. ‘बांगब्रुक’, म्हणजे घाबरलेली विजार, हा भित्र्या माणसासाठीचा शब्दही याच रचनेचा आहे. येथे उठाव कपड्यावरून तो घालणाऱ्याकडे गेला. असे दहा-बारा शब्द एकत्र ठेवले की ‘गुणवाचक शब्द आणि माणसाशी चिकटलेली वस्तू मिळून तो माणूस’ असा एक स्कीमा आपोआप दिसू लागतो. हा स्कीमा स्वतःच उठावाचा स्रोत असतो, कारण कोणताही घटक एकटा तो पुरवत नाही. ‘त्रापस्यूकीस’देखील याच कुटुंबाच्या कडेला बसतो. तेथे तर दोन्ही घटकांत प्राण्याचा उल्लेखही नाही.

या दोन टोकांच्या मध्ये जे शब्द आहेत ते सर्वांत बोधप्रद आहेत. जिराफाला ‘कामिअलपेर्त’, म्हणजे उंट-घोडा, म्हणतात आणि पाणघोड्याला ‘सिअकुइ’, म्हणजे समुद्र-गाय. जिराफ हा घोड्याचा प्रकार नाही आणि पाणघोडा हा गाईचा नाही, तरीही उत्तरपदाचा येथे काहीच वाटा नाही असे म्हणता येत नाही. संज्ञानात्मक व्याकरण यासाठी दोन प्रकारचे बाण वापरते. ‘स्लापकामर’ हे ‘कामर’चे तपशीलवार रूप आहे, म्हणून त्या संबंधाला सलग रेघेचा बाण. ‘कामिअलपेर्त’ हा ‘पेर्त’च्या अर्थाचा विस्तार आहे, त्यात काही लक्षणे जुळतात आणि काही मोडतात, म्हणून तुटक रेघेचा बाण. भुयारी रेल्वेसाठीच्या ‘मोलत्रेइन’ या शब्दात दोन्ही बाण लागतात: ‘त्रेइन’शी सलग, कारण ती खरोखर गाडीच आहे, आणि जमीन पोखरणाऱ्या ‘मोल’ या प्राण्याशी तुटक. माझ्या मते प्रत्येक समासाला हे बाण हाताने काढून पाहावेत, कारण तुटक रेघ कोठे द्यायची हे ठरवताना अर्थाचा विचार टाळताच येत नाही.

समासातील जोडवर्णाचा, म्हणजे दोन पदांच्या मध्ये येणाऱ्या वर्णाचा, प्रश्न या पद्धतीची चांगली कसोटी पाहतो. ‘पेर्त’ म्हणजे घोडा आणि ‘पेर्दे’ म्हणजे घोडे. तबेल्याला ‘पेर्देस्ताल’ म्हणतात. कुत्र्याच्या घरकुलाला ‘होंदेहोक’ म्हणतात, आणि ‘होंदे’ हेही अनेकवचनच आहे. यावरून मधला ‘ए’ अनेकवचनाचा आहे असे लिहिण्याचा मोह होतो. पण घरकुलात एकच कुत्रा असला तरी नाव बदलत नाही. उलट पुस्तकांच्या फडताळाला ‘बुकराक’ म्हणतात; त्यात पुस्तके अनेक असूनही ‘बुके’ हे अनेकवचन तेथे येत नाही. गांधीलमाशीला ‘पेर्देबेइ’, म्हणजे घोडा-मधमाशी, म्हणतात, आणि तेथे अनेक घोड्यांची कल्पना करून काहीच साधत नाही. तेव्हा वर्णन असे करावे: ‘पेर्दे-’ आणि ‘होंदे-’ ही पूर्वपदाची समासात रुळलेली रूपे आहेत, अनेकवचनाशी त्यांचे ध्वनिसाम्य बोलणाऱ्याला जाणवू शकते आणि काही शब्दांत त्याला अर्थाचा आधारही मिळतो, पण तो अर्थ स्कीमाची अट नाही. ‘जोडवर्णाला अर्थ आहे की नाही’ या हो-नाहीच्या प्रश्नापेक्षा ‘कोणत्या शब्दात किती आहे’ हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

लघुत्वदर्शक प्रत्यय

आफ्रिकान्समध्ये या प्रत्ययाचा वापर विलक्षण मोठा आहे, म्हणून येथे वेळ द्यावा. आधी ध्वनिध्रुव पाहावा. ‘बुक’चे ‘बुकी’ आणि ‘कोप’चे ‘कोपी’ होते. ‘स्तुल’ म्हणजे खुर्ची, तिचे ‘स्तुलकी’. ‘बुअम’ म्हणजे झाड, त्याचे ‘बुअम्पी’. पण ‘ब्लोम’ म्हणजे फूल, त्याचे ‘ब्लोमेकी’. शेवटी ‘म’ असूनही ऱ्हस्व स्वरानंतर वेगळे रूप येते, हे शेवटच्या दोन शब्दांवरून दिसते. लेखनात या प्रत्ययाची पाच-सहा रूपे दिसतात, मात्र त्यांपैकी काहींचा उच्चार जवळपास ‘की’ असाच होतो. ध्वनिध्रुव म्हणजे ध्वनी, वर्णलेखन नव्हे, ही गोष्ट येथे विसरली तर सबंध तक्ताच चुकतो. शिवाय प्रत्यय लागताना मूळ शब्दही स्वस्थ बसत नाही: ‘कात’ म्हणजे मांजर, तिचे ‘काइकी’, आणि ‘हांत’ म्हणजे हात, त्याचे ‘हाइन्की’. स्वरात शिरलेला ‘इ’ ना केवळ मुळाचा आहे, ना केवळ प्रत्ययाचा. तो संयुक्त रचनेचा आहे आणि तेथेच नोंदवावा.

अर्थध्रुवाचे वर्णन केंद्रापासून बाहेर करत जावे. केंद्रस्थानी ‘आकाराने लहान’ हा अर्थ आहे. जे लहान ते लाडके, म्हणून आपुलकीचा विस्तार. जे लहान ते किरकोळ, म्हणून तुच्छतेचा विस्तार. हे दोन अर्थ परस्परविरुद्ध दिसले तरी दोन्ही केंद्रापासून स्वतंत्रपणे निघतात, त्यामुळे त्यांच्यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. तिसरा विस्तार अधिक सूक्ष्म आहे. ‘बिर’ म्हणजे बिअर हा पदार्थ आणि ‘बिरकी’ म्हणजे एक बिअर; ‘पापिर’ म्हणजे कागद हा पदार्थ आणि ‘पापिरकी’ म्हणजे कागदाचा कपटा. येथे आकारापेक्षा सीमा महत्त्वाची ठरते. अमर्याद पदार्थातून एक मर्यादित नग वेगळा काढला जातो, आणि लहानपणा त्या मर्यादेच्या मागे उभा राहतो. चौथीकडे ‘स्तिल’पासून ‘स्तिलेकीस’, म्हणजे गुपचूप, आणि ‘साख़’पासून ‘साख़ीस’, म्हणजे हळुवारपणे, अशी क्रियाविशेषणे आहेत. तेथे वस्तूच उरलेली नाही. लहान झाला आहे तो क्रियेचा जोर. या सर्वांवर ‘काही अंशी कमी’ असा एक अतिव्यापक स्कीमा बसवता येईल, परंतु तो इतका पातळ आहे की त्यावरून एकही नवा शब्द सांगता येत नाही. बोलणाऱ्याच्या उपयोगाचे असतात ते खालचे, ठोस स्कीमा, आणि वर्णनाचा भर त्यांच्यावरच असावा.

रुळलेपणाची नोंदही येथे अपरिहार्य ठरते. ‘कोपी’ म्हणजे पेला, आणि टेकडीलाही ‘कोपी’च म्हणतात. ‘मानेकी’ म्हणजे छोटा माणूस, पण प्राण्यांच्या बाबतीत नर. असे शब्द बोलणाऱ्याला तयारच मिळतात. किती रुळले आहेत हे तपासण्यासाठी ‘मोठा’ या अर्थाचे ‘ख़्रुअत’ हे विशेषण जोडून पाहावे: ‘मोठी कोपी कॉफी’ असे सहज म्हणता येते, कारण लहानपणाचा अर्थ तेथे मागे पडला आहे. ‘मोठी स्तुलकी’ मात्र मातृभाषकाला विचारून पाहावी. अडखळण आली तर प्रत्ययाचा अर्थ अजून जागा आहे असे समजावे. अशा शब्दांना अपवादांच्या डब्यात टाकू नये. संज्ञानात्मक व्याकरणात ते स्कीमाचे उदाहरणही असतात आणि स्वतंत्र एककही, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

द्विरुक्ती

आफ्रिकान्सच्या शब्दसिद्धीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा भाग. डच भाषेत या स्वरूपाची उत्पादक, म्हणजे सतत नवे शब्द घडवणारी, द्विरुक्ती नाही. तिच्या उगमाच्या संदर्भात अभ्यासक बहुधा केपमध्ये आलेल्या मलय भाषेकडे निर्देश करतात. रुडॉल्फ बोथा यांनी १९८८ मध्ये या एकाच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि पुढे गेरहार्ड फान हेइस्तिअन यांनी हा विषय संज्ञानात्मक व्याकरणाच्या चौकटीत तपासला.

मराठी अभ्यासकाला येथे जन्मजात लाभ आहे, कारण अभ्यस्त शब्द त्याच्या कानाला परके नाहीत. ‘लाख़-लाख़’ म्हणजे हसतहसत, ‘त्विअ-त्विअ’ म्हणजे दोन-दोन, ‘प्लेक-प्लेक’ म्हणजे ठिकठिकाणी, ‘ख़ोउ-ख़ोउ’ म्हणजे झटपट. मुले ‘शाळा-शाळा’ खेळतात तशी ती ‘स्कुअल-स्कुअल’ आणि ‘हेइस-हेइस’ खेळतात. मात्र या ओळखीमुळे घाई होऊ शकते. ‘हसतहसत’ या शब्दात ‘त’ हा कृदंताचा प्रत्यय आधीच काम करून ठेवतो. ‘लाख़-लाख़’मध्ये असा कोणताही प्रत्यय नाही, केवळ धातू दोनदा येतो, आणि तेवढ्याने क्रियापदाचे क्रियाविशेषण होते. म्हणून वर्णन मराठी भाषांतरावरून न करता आफ्रिकान्स रूपावरूनच करावे.

‘लाख़’ या क्रियापदाचा उठाव काळात उलगडत जाणाऱ्या प्रक्रियेवर आहे. ‘हेइ स्ताप संग-संग हेइस तु’, म्हणजे तो गात गात घरी चालत जातो, या वाक्यात मात्र ‘संग-संग’ स्वतः काळात उलगडत नाही. काळ ‘स्ताप’ या क्रियापदाकडे राहतो. ‘संग-संग’ हा एक संबंध दाखवतो, आणि त्या संबंधाचे प्रमुख पात्र म्हणजे दुसरी प्रक्रिया, अर्थात चालणे. गाण्याची क्रिया तिच्या सोबतीला बसवली जाते. हा बदल घटकांपैकी कोणीही घडवलेला नाही, कारण दोन्ही घटक एकच आहेत आणि दोघेही प्रक्रियाच दाखवतात. येथे उठाव रचनेच्या स्कीमाकडून येतो, हे ‘रोइकोप’पेक्षाही अधिक स्वच्छपणे दिसते. संज्ञानात्मक व्याकरण शिकणाऱ्याला रचनेचा स्वतःचा अर्थ म्हणजे काय हे समजावयाचे असेल, तर याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

यानंतर स्कीमा वेगळे करावेत. धातूंची द्विरुक्ती सोबतची क्रिया दाखवते, आणि तेथून ‘लाख़-लाख़’ला ‘सहजपणे’ हा विस्तारही मिळतो, कारण जे हसत करता येते ते सोपे असते. संख्यांची द्विरुक्ती वाटणी दाखवते. ‘प्लेक-प्लेक’सारखी एकवचनी नामे विखुरलेपणा दाखवतात, तर ‘बोतल्स-बोतल्स’सारखी अनेकवचनी नामे विपुलता दाखवतात, म्हणजे बाटल्यांमागून बाटल्या. ‘कोर्त’ म्हणजे आखूड, पण ‘कोर्त-कोर्त’ म्हणजे वारंवार: आखडलेले आहे ते दोन घटनांमधले अंतर. ‘आम्पर’ म्हणजे जवळजवळ, आणि ‘आम्पर-आम्पर’ म्हणजे अगदी जवळजवळ. रूप वाढले की अर्थ वाढतो, हे प्रतिमासदृश तत्त्व यांतील बहुतेक शब्दांना लागू पडते. ‘हेइस-हेइस’ला ते लागू पडत नाही, कारण खेळातले घर हे अधिक घर नसून लटके घर आहे. काही अभ्यासक अशा शब्दाला वाकवून सर्वसाधारण अर्थात बसवतात. मला ते मान्य नाही. खेळांची नावे हा नामांच्या द्विरुक्तीचा एक स्थानिक स्कीमा आहे, त्याची स्वतःची उत्पादकता आहे, आणि वरच्या स्कीमाशी त्याचा संबंध तुटक रेघेचा आहे, असे लिहिणे अधिक खरे आहे.

प्रत्ययांविषयी थोडेसे

इतर प्रत्ययांना हीच रीत लावावी. ‘स्क्रेइफ’ म्हणजे लिहिणे, ‘स्क्रेइवर’ म्हणजे लेखक; प्रत्ययाने प्रक्रियेतून कर्ता उचलला. ‘वेक’ म्हणजे जागे करणे, पण ‘वेकर’ म्हणजे गजराचे घड्याळ. येथे कर्त्याच्या जागी साधन आले. १९६०च्या दशकातील बंडखोर आफ्रिकान्स लेखकांना ‘सेस्तिख़र्स’ म्हणतात, आणि तेथे मूळ शब्द ‘साठ’ ही संख्या आहे, प्रक्रिया नाही. प्रत्ययाची व्याख्या ‘धातूपासून कर्ता’ अशी केली तर हा शब्द बाहेर पडतो. व्याख्या ‘एखाद्या गोष्टीशी ठळकपणे जोडलेली व्यक्ती किंवा वस्तू’ अशी केली आणि कर्ता हे त्याचे केंद्र मानले, तर तो आत राहतो. तीव्रतादर्शक समासांतही असेच घडते. ‘दुअतस्तिल’ म्हणजे मृत्यूसारखे निःशब्द. पण ‘दुअतमाकलिक’ म्हणजे अतिशय सोपे, आणि सोपेपणात मृत्यूचे काही नाही. ‘दुअत’ येथे समासाच्या घटकाकडून प्रत्ययाकडे सरकतो आहे, आणि हे सरकणे वर्णनात तसेच, अर्धवट अवस्थेत, दिसू द्यावे.

घडण्याचा मार्ग

शेवटी प्रत्येक मोठ्या शब्दाचा घडण्याचा मार्ग तपासावा, म्हणजे कोणते घटक आधी एकत्र आले ते पाहावे. ‘तेइनस्तुलकी’ म्हणजे बागेतली छोटी खुर्ची. ‘तेइनस्तुल’ हा रुळलेला शब्द आहे, म्हणून त्याला ‘की’ लागली असे म्हणता येते. पण ‘तेइन’ आणि ‘स्तुलकी’ असाही मार्ग संभवतो, आणि दोन्ही मार्गांनी अर्थ जवळपास तोच येतो. येथे एकच मार्ग निवडण्याची सक्ती नाही. दोन्ही नोंदवावेत आणि अधिक रुळलेला कोणता ते लिहावे. ‘फरक्लिअरमानेकी’बाबत मात्र निर्णय सोपा आहे. ‘फरक्लिअरमान’ असा शब्द आढळत नाही, म्हणून ‘फरक्लिअर’ आणि ‘मानेकी’ हाच मार्ग उरतो. त्यातल्या ‘मानेकी’ने सरड्याचा आकार किती दाखवला आणि त्याच्याविषयीची आपुलकी किती, याचे उत्तर आराखड्यावरून मिळत नाही. त्यासाठी तो शब्द आलेली वाक्ये पुन्हा एकदा जमवावी लागतात.